सईच्या वाट्याचा आंबा

या साइटवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचते. "दाराला कडी होती का? घरात आणखी कोण होतं? लाइट गेले होते तर घड्याळ कसं दिसलं?" — असले प्रश्न खाली विचारणारी एक खवचट बाई असते ना, ती मी. भुतंखेतं, नजर, अंगात येणं… यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं मी लिहिणार नाही. पण मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी जे घडलं त्याला माझे सगळे प्रश्न विचारून झाले आणि उत्तर मिळालेलं नाही. म्हणून तुमच्यापुढे ठेवते. तुम्हीही विचारा, मला राग येणार नाही.

आधी जागा आणि माणसं, म्हणजे गोंधळ नको.

आम्ही सौदीत, अल खफजीला राहतो. कुवेतच्या हद्दीजवळचं छोटं गाव. एका अंगाला समुद्र, बाकी सगळीकडे वाळू, आणि साऱ्या गावाचं पोट समुद्रातल्या तेलावर. माझा नवरा विनय मेकॅनिकल इंजिनियर, मूळचा नाशिकचा. दोन आठवडे समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर, दोन आठवडे घरी. मी एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे — कुठलं ड्रॉइंग कुणाकडे गेलं, कधी परत आलं, कुठली कॉपी शेवटची, हे सगळं माझ्याकडे. घरीही माझं तसंच चालतं. डब्यांना लेबलं, फ्रीजवर आठवड्याची यादी, सुट्टीला निघताना बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवलेली यादी. लोक हसतात. हसू देत.

आणि सई. आमची मुलगी. एकुलती एक, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. नऊ वर्षांची असताना गेली.

ताप आला, मान आखडली, आणि कळेपर्यंत ताप मेंदूत गेला होता. डॉक्टरांनी शक्य ते सगळं केलं. त्याबद्दल एवढंच.

त्यानंतरचं मात्र लिहिते, कारण ते मी केलं. परदेशात माणूस गेलं की कागद लागतात. डेथ रिपोर्ट, पोलिसांचं पत्र, एम्बसीचं ना-हरकत, पासपोर्ट रद्द करणं, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना परत करणं, विमानाच्या कार्गोचं बुकिंग. विनय हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून होता, आणि मी यादी करून एकेका ओळीपुढे खूण करत होते. लोक म्हणाले, केवढी खंबीर बाई. खंबीर कसली… यादी संपत नव्हती तोवर ती माझ्या हातात होती, एवढंच. शेवटच्या काउंटरवर तिच्या नावापुढे फायनल एक्झिटची, म्हणजे देश कायमचा सोडल्याची, नोंद झाली. तिथला तरुण सौदी अधिकारी सवयीने म्हणाला, "खलास, मदाम." मग त्याची नजर जन्मतारखेवर गेली आणि तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. मी बाहेर पडेपर्यंत उभाच होता.

नाशिकहून परत आल्यावर आमच्या घरात सईचं नाव बंद झालं. ठरवून नाही. विनय घेईना म्हणून मी घेईना, मी घेईना म्हणून तो. आम्ही भांडलो नाही, एकमेकांना दोष दिला नाही. "जेवलास?", "बोट किती वाजता?", "गॅस संपलाय" — एवढ्यावर आमचा संसार नीट चालला होता. घरात आंबाही येईनासा झाला. आंबा तिचा. उन्हाळ्यात भारतातून पेट्या यायला लागल्या की ही शाळेतून यायची ती दप्तरासकट थेट स्टोअररूममध्ये. ती गेल्यावर सुपरमार्केटमध्ये आंब्याचा वास आला की मी ट्रॉली दुसऱ्या रांगेत वळवायचे.

नीना शेजारी राहायला आली ती त्यानंतर. रशियन, साठीची, नवरा ड्रिलिंगमध्ये. पहिल्याच भेटीत तिने माझ्या किचनमधली सगळी लेबलं वाचली, कमरेवर हात ठेवले आणि तिच्या खडबडीत इंग्रजीत विचारलं, "नवऱ्याला नाही लावलंस?"

"लावलं होतं. समुद्राच्या पाण्यात निघून जातं."

त्या दिवसापासून मी तिची 'मॅडम एक्सेल'.

तिला माझ्याकडून एक काम हवं होतं. तिचे पणजोबा एका खेड्यात पाद्री होते. त्यांच्या ऑर्थोडॉक्स पंथात गावच्या पाद्र्याला बायको असते, मुलं असतात, चारचौघांसारखा संसार असतो. या पणजोबांनी आपल्या गावातल्या शेतकऱ्यांच्या समजुती, रीती, शकुन-अपशकुन वर्षानुवर्षं लिहून ठेवले होते. घरच्यांनी ते कागद जपले. नीनाची नातवंडं कॅनडात, त्यांना रशियन वाचता येत नाही, म्हणून ती सगळं इंग्रजीत आणत होती. तिचं इंग्रजी बोलायला फर्मास आणि लिहायला भयंकर. मी ते दुरुस्त करायचं आणि क्रमाने लावायचं, असं ठरलं. शुक्रवारी सकाळी, आमच्या डायनिंग टेबलावर.

मला वाटलं, देवाधर्माचं काहीतरी रटाळ असणार. पण पणजोबा माझ्याच पठडीतले निघाले! प्रत्येक समजूत वेगळी मांडलेली. कुणी सांगितली, कुठल्या वाडीत ऐकली, आणि शेवटी स्वतःचा शेरा. शेरा बहुतेक एकच — 'शास्त्रात आधार नाही.'

घर बदलताना घरातली सगळ्यात म्हातारी बाई जुन्या चुलीतले निखारे मडक्यात घेते आणि घर राखणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावते : आजोबा, चला आमच्याबरोबर नव्या घरी. शास्त्रात आधार नाही. पीक कापताना शेवटची चार कणसं उभीच ठेवतात आणि त्यांची वेणी घालतात. शास्त्रात आधार नाही. थंडी सरताना कणकेचे पक्षी भाजतात, मुलं ते हातात उंच धरून खऱ्या पक्ष्यांना हाका मारतात. शास्त्रात आधार नाही. पण त्याखाली आणखी एक ओळ होती : 'माझ्या मुलीने यंदा पक्षी उडवण्याआधीच खाऊन टाकला, आणि पक्षी तरीही आले.'

आणखी एक होतं. कुणी प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घरात केर काढू नये. मी ओरडलेच, "अगं, हे तर माझ्या सासूबाई सांगतात!"

"म्हणजे तुझी सासू रशियन आहे."

"हे त्यांच्यासमोर बोलू नकोस. कांदा-लसूण न खाणारी बाई आहे ती."

"माझी आजी पण उपासाला काही खायची नाही. फक्त आम्हाला खायची."

त्या पाद्रीबुवांनी एका ठिकाणी लिहिलं होतं — 'प्रवचनात मी हे सगळं चूक आहे म्हणून सांगतो. लोक मान डोलावतात, घरी जातात आणि तेच करतात. मग मी घरी जातो आणि ते लिहून काढतो.' मला फार हसू आलं होतं. आमच्या साइट इंजिनियरांची आणि माझी अगदी हीच तऱ्हा.

असं करता करता वर्ष गेलं. आणि एका शुक्रवारी सफरचंदाची नोंद आली.

इथे एक सांगायला हवं. नीना पहिल्यांदा आली तेव्हा मी फळं कापून ठेवली होती. तिने सफरचंदाच्या फोडी बाजूला सारल्या. "हे नको. ऑगस्टनंतर." आमच्याकडे सतरा देशांचे लोक जेवायला येतात, तेव्हा कोण काय खात नाही याची माझी एक यादी आहे. अंडं, बीफ, शेंगदाणे वगैरे. त्यात मी लिहून टाकलं : नीना — सफरचंद, ॲलर्जी, सीझनल. आणि विसरून गेले.

ती नोंद अशी होती. ज्या बायकांचं मूल गेलेलं आहे, त्या उन्हाळ्यात सफरचंद तोंडाला लावत नाहीत. ऑगस्टमधल्या एका सणाला नवी सफरचंदं टोपल्या भरभरून देवळात आशीर्वादाला येतात, तोपर्यंत नाही. झाडाखाली पडलेलं नाही, किडकं नाही, मुरंब्यातलंही नाही. का म्हणून विचारलं तर सांगतात : त्या दिवशी तिकडे, वर, गेलेल्या मुलांना सफरचंदं वाटतात. ज्याच्या आईने आधीच खाल्लेलं असतं ते मूल हात पुढे करतं, आणि त्याला सांगतात — तुझं नाही. तुझं तुझ्या आईने खाल्लं.

मी वाचलं. व्याकरण दुरुस्त केलं. मग खाली बघितलं तर शेरा नाही.

"नीना, इथली एक ओळ राहिली."

"नाही राहिली."

"अगं, शेरा नाहीये. बाकी सगळ्यांना आहे."

नीनाने चष्मा काढला. "त्या वर्षी त्यांची मुलगी गेली. पक्षी खाणारी. पणजीने उन्हाळाभर सफरचंदाला हात लावला नाही. आणि माझी आजी म्हणायची, पणजोबांनीही लावला नाही. गावच्या पाद्र्याने! बागेत झाडं लगडलेली. लोक बघत होते, पण कुणी काही बोललं नाही. आणि प्रवचनात त्यांनी त्या गोष्टीवर पुन्हा कधी टीका केली नाही."

मी पेन खाली ठेवलं. ऑगस्टनंतर. ॲलर्जी, सीझनल. मला माझ्याच अक्षरांची लाज वाटली.

"तुझं काय होतं, मुलगा की मुलगी?" मी विचारलं.

"मुलगा. रांगायला नुकता लागला होता." मग तिने तितक्याच सरळ आवाजात विचारलं, "आणि तुझं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी नातवंडांचे फोटो दाखवायला फोन काढला की तू दरवेळी चहा टाकायला उठतेस. एवढा चहा कोण पितं, मॅडम एक्सेल?"

त्या सकाळी मी सईबद्दल बोलले. ती गेल्यापासून पहिल्यांदा, तेही इंग्रजीत, एका परक्या बाईशी. आपल्या भाषेत मला जमलंच नसतं.

घरी मी एकटीच होते. विनय समुद्रात. ती ओळ डोक्यातून जाईना — ते मूल हात पुढे करतं. मला स्वर्ग मान्य नाही, तिथे कुणी फळं वाटत बसलंय हे मान्य नाही. पण ते मूल मला दिसायला लागलं. ते सईसारखंच उभं राहायचं, एका पायावर भार देऊन, मोजे खाली घसरलेले. आणि ते नेहमी रांगेच्या शेवटी असायचं.

अक्षय्य तृतीया जवळ आली होती. आमच्या सासरी त्या दिवसापर्यंत आंबा खात नाहीत. आधी पितरांना पाण्याची घागर आणि आंबा, मग घरच्यांना. इतकी वर्षं मी ते पाळत होते ते केवळ सासूबाईंसाठी, अर्थ कधी विचारला नव्हता. मी नाशिकला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, आपल्याकडे आखाजीपर्यंत आंबा का हो खात नाहीत?"

"अगं, त्यांना दिल्याशिवाय आपण कसा खायचा? वर्षभर वाट बघतात ती."

"आणि सईला?"

स्क्रीनवर त्यांचा चेहरा हलेना. मला वाटलं, नेटवर्क गेलं. मग त्या म्हणाल्या, "लहान मुलांचं पान आपल्यात मांडत नाहीत गं. ती पितरांत नसतात."

"मग कुठे असतात?"

"देवाची होती, देवाकडे गेली, असं म्हणायचं."

"पण तिला आंबा कोण देणार, आई?"

मी हे बोलले. मी, जी तुम्हाला कड्या-कुलपांचे प्रश्न विचारते. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. कॉल ठेवण्याआधी फोन अगदी तोंडाजवळ आणून हळू म्हणाल्या, "ठेव तू. कुणाला विचारू नको. छोटी ताटली घे आणि ठेव."

मी आमच्या मल्याळी दुकानदाराला सांगून पायरीची एक पेटी मागवली. विनयला फोनवर सांगितलं, आंबे घेतलेत. वाऱ्याच्या आवाजातून तो म्हणाला, "बरं."

आता इथून पुढे नीट वाचा. माझ्यासारखे वाचणारे असतील तर फारच नीट.

पेटी आली ती मी स्वतः उघडली. आंबे अर्धवट पिकलेले होते, म्हणून स्टोअररूममध्ये वर्तमानपत्रावर पसरून ठेवले, एकमेकांना न चिकटवता. रोज सकाळी प्रत्येक आंबा हातात घेऊन, देठाशी हुंगून, कूस बदलून ठेवत होते. स्टोअररूमला खिडकी नाही. घरात कामाला कुणी येत नाही. दुसरी किल्ली विनयकडे असते, आणि विनय प्लॅटफॉर्मवर.

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सकाळी त्याची क्रू बोट येणार होती. मी निघण्याआधी आंबे पाहिले. सगळे भरलेले, जड, घमघमणारे. बाहेरचं दार लावलं, गाडी काढली, जेट्टीवर गेले, विनयला घेतलं, आम्ही दोघं बरोबर परत आलो. दार मीच उघडलं.

तो आंघोळीला गेला, मी कणीक मळली. डायनिंग टेबलाच्या कडेला पितरांचं मांडलं. मातीची घागर इथे कुठली मिळायला, तांब्याचा तांब्या भरून ठेवला. त्यांचं पान. आणि त्याच्या शेजारी सईची स्टीलची छोटी ताटली.

विनय केस पुसत बाहेर आला आणि थांबला. "हे कुणाचं?"

"सईचं," मी म्हटलं.

घरात तिचं नाव ऐकून भिंतीसुद्धा दचकल्या असतील. त्याने टॉवेल खुर्चीवर टाकला — मी तेही त्याला बोलले नाही — आणि आंबे आणायला स्टोअररूममध्ये गेला.

"मेधा."

मी तेल तापत ठेवलं होतं. "काय?"

"मेधा, इकडे ये."

मी गॅस बंद करून गेले. तो दोन्ही हातांच्या ओंजळीत एक आंबा घेऊन उभा होता. पाण्याने भरलेलं काही धरावं तसा.

"हा तू ठेवलास?"

"सगळे मीच ठेवलेत."

"घे."

मी घेतला. दिसायला गोल, पिवळा, नेहमीसारखा आंबा. पण हाताला वजन नाही. हलवला, तर आत कोय वाजली. देठाशी दाताने तोडल्यासारखं छोटं भोक होतं आणि त्याच्या कडेला ओला, ताजा रस. आतला गर संपलेला. साल फुगलेली.

"कीड असेल," मी म्हटलं. "नाहीतर उंदीर. टाकून दे."

"कीड आंबा फुगवून ठेवत नाही, मेधा."

आणि तो तिथेच, तांदळाच्या डब्यांना टेकून, खाली बसला.

"ती करायची हे," तो म्हणाला. "तू ऑफिसात असायचीस तेव्हा. देठाशी भोक पाडायची, सगळा चोखून घ्यायची, मग फुंकून फुगवायची आणि बाकीच्या आंब्यांत ठेवून द्यायची. मग मला म्हणायची, बाबा, आंबा दे ना. मी तोच उचलायचो. मुद्दाम. हलका लागला की ओरडायचो, चोर, चोर! ही दाराआड. हसून हसून उचकी लागायची तिला."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"ती नको म्हणायची. 'बाबा, डोन्ट टेल आई. शी काउंट्स.'"

मी खरंच मोजायचे. दर मोसमात हिशेबात आंबे कमी भरायचे, आणि मी त्या बिचाऱ्या दुकानदाराशी भांडून यायचे. हे दोघं घरी तोंड दाबून हसत असणार.

"तू केलंस का हे आत्ता?" मी विनयला विचारलं. विचारायलाच हवं होतं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मी आत्ता आलोय. तुझ्याबरोबर."

खरंच होतं. गाडीतून उतरल्यापासून तो फक्त बाथरूममध्ये होता, आणि तिथे जायचा रस्ता किचनवरून, माझ्या समोरून आहे. स्टोअररूमकडे तो माझ्या देखत गेला आणि लगेच हाक मारली. एवढ्यात कुणी आंबा चोखून संपवू शकत नाही. माझ्यावर संशय घ्या, मी स्वतःवर घेतला आहे. दुःखात माणूस भान हरपून काहीतरी करतं म्हणतात. पण मला तो खेळ माहीतच नव्हता. जी गोष्ट मला माहीत नाही ती मी भान हरपून तरी कशी करणार? उंदरांसाठी पिंजरा लावला, काही सापडलं नाही. दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, मदाम, किडका आंबा असतो, सडका असतो, रिकामा आणि फुगलेला मी जन्मात पाहिला नाही. नीनाकडे आमची किल्ली कधीच नव्हती. ती साल मी अजून टाकलेली नाही.

नीनाला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मिळाला तिला."

"तुला खरंच असं वाटतं?"

"मला काही वाटत नाही. मी ऑगस्टपर्यंत थांबते. बस."

यंदा नीना आणि तिचा नवरा त्यांच्या देशी परत गेले. मी अजून दर शुक्रवारी टेबल रिकामं करते आणि मग आठवतं. तुमच्यापैकी कुणाला यातली फट दिसली तर जरूर लिहा. मी शोधली, मला दिसली नाही. मानायचं का हेही मला ठरवता आलेलं नाही. सई गेली ती गेलीच, एक आंबा रिकामा झाला म्हणून ती परत आलेली नाही. उलट त्या दिवशी मला नव्याने कळलं की काय काय गेलंय. तिचं एक अख्खं लबाड हसणं होतं, ते माझ्या वाट्याला कधी आलंच नव्हतं.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. ते सांगते आणि थांबते.

'शी काउंट्स' म्हणून झाल्यावर विनयने आंबा माझ्या हातातून परत घेतला आणि देठाजवळच्या भोकावर अंगठा दाबून धरला.

"काय करतोयस?"

"हवा जाईल."

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. तो बोलायला लागला. सईने त्याच्या सेफ्टी हेल्मेटमध्ये शेवया खाल्ल्या होत्या. तिला वाटायचं, प्लॅटफॉर्मवर रेल्वे येते आणि बाबा गाडीची वाट बघत तिथे उभा असतो. ती त्याला मराठीत रागवायची आणि इंग्रजीत सॉरी म्हणायची. एकदा तिने माझ्या लेबल मशीनवर 'बाबा' छापून त्याच्या पाठीवर चिकटवलं होतं आणि तो तसाच दुकानात जाऊन आला होता. मी विचारत होते, तो सांगत होता. पुऱ्या तळायच्या राहिल्या. पितर त्या दिवशी उशिरा जेवले. ते रागावले असतील तर रागावोत.

दुपार कलली. नऊ वर्षांच्या मुलीच्या गोष्टी त्या किती असणार… संपल्या. विनयचा अंगठा अजून तिथेच होता, नख पांढरंफटक पडलेलं.

"हात दुखतोय गं," तो म्हणाला.

मी त्याच्याजवळ सरकले आणि ओंजळ पुढे केली.

"दे. थोडा वेळ मी धरते."